केक मिक्समध्ये अंडं, तेल, पाणी बदलताना

अमेरिकेत मिळणाऱ्या साध्या यलो किंवा चॉकलेट केक मिक्सच्या खोक्यामागे बहुतेक वेळा तीनच गोष्टी मागितलेल्या असतात: ३ अंडी, अर्धा कप तेल, १ कप पाणी. ब्रँड बदलला की तेल एक तृतीयांश कपापर्यंत उतरतं, पाणी सव्वा कपापर्यंत चढतं, पण साचा तोच. अडचण येते ती घरी भारतातून सासू-सासरे आलेले असतात, श्रावण चालू असतो किंवा फ्रिजमध्ये एकच अंडं उरलेलं असतं तेव्हा. मग कुणीतरी सांगतं, अंड्याऐवजी दही घाल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. किती दही, पाणी किती कमी करायचं, टिन कोणता घ्यायचा हे कळलं नाही, तर केक फुगतो आणि ओव्हनमधून काढल्यावर मधोमध बसतो.

खोक्यातली पावडर म्हणजे नुसता मैदा आणि साखर नव्हे. घटकांची यादी वाचली तर साखर बहुधा पहिल्या क्रमांकावर दिसते, म्हणजे वजनानं ती मैद्याहून जास्त. एवढी साखर पेलायला त्यात इमल्सिफायर, स्टार्च आणि थोडा गम घातलेला असतो. भारतीय पाकिटावर हे आकड्यांत लिहिलेलं असतं: आयएनएस ४७१ आणि ४७७ हे इमल्सिफायर, ४१५ म्हणजे झँथन गम, ५०० म्हणजे खाण्याचा सोडा, आणि त्याच्या जोडीला ४५० किंवा ५४१ असं एखादं आम्लधर्मी फॉस्फेट. सोडा आणि फॉस्फेट यांचं प्रमाण एकमेकांना पुरेल असं बसवलेलं असतं. म्हणून मिक्समध्ये आपण आंबट काही घातलं किंवा वरून सोडा टाकला की तोल ढळतो. इमल्सिफायरमुळे मात्र आपला एक फायदा होतो. तेल आणि पाणी एकत्र धरणं, हवेचे बुडबुडे टिकवणं ही अंड्याची अर्धी कामं तेच करून टाकतात. घरच्या मैद्याच्या केकमधून अंडं काढणं जड जातं, मिक्समधून काढणं त्या मानानं सोपं, ते यामुळे.

आता अंड्याचा हिशोब. अमेरिकी 'लार्ज' अंडं टरफलाविना साधारण ५० ग्रॅम भरतं. तीन अंडी म्हणजे १५० ग्रॅम, त्यात सुमारे ११४ ग्रॅम पाणी, १९ ग्रॅम प्रथिनं, १५ ग्रॅम स्निग्धांश. त्या जागी पाऊण कप म्हणजे १८० ग्रॅम घरचं दही घातलं, तर पाणी जवळजवळ १५७ ग्रॅम जातं, प्रथिनं जेमतेम ६ आणि स्निग्धांश ७. पाणी चाळीसेक ग्रॅम जास्त, आधार एक तृतीयांशाहून कमी. शिवाय अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि फुगलेला केक जागच्या जागी धरून ठेवतात. दह्यातली प्रथिनं तसं करत नाहीत. त्यामुळे अंड्याविना केकचा सगळा भार मैद्याच्या आणि स्टार्चच्या शिजण्यावर पडतो. स्टार्चला शिजायला वेळ लागतो आणि जाड थराच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोचते. मधोमध बसण्याचं खरं कारण हे. दही वाईट होतं, मिक्स जुनं होतं, असली कारणं नंतर शोधावीत.

म्हणून बदल तीन ठिकाणी करावे लागतात. ४३२ ग्रॅमच्या (१५.२५ औंस) खोक्यासाठी प्रमाण असं:

दही पाऊण कप, गोडसर आणि ताजं, वर पाणी सुटलं असेल तर ते ओतून टाकलेलं. पाणी १ कपाऐवजी पाऊण कप आणि वर १ टेबलस्पून. तेल अर्धा कप आणि वर २ टीस्पून, कारण पिवळ्या बलकातली चरबी गेलेली आहे. दूध पावडर ३ सपाट टेबलस्पून, पाण्यात आधी विरघळवून, नाहीतर गाठी राहतात. दही आंबट असेल तरच खाण्याचा सोडा पाव टीस्पून. त्याच्यापुढे नाही.

दही, तेल आणि दुधाचं पाणी आधी एकजीव करून घ्यावं, सगळं खोलीच्या तापमानाचं. त्यात मिक्स चाळून घालावं आणि हाताच्या व्हिस्कनं गाठी मोडेपर्यंत, फार तर ४० सेकंद ढवळावं. खोक्यावर 'बीटरनं २ मिनिटं फेटा' असं लिहिलेलं असतं, ते अंडं घातलेल्या मिश्रणासाठी. अंड्याविना तेवढं फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि दह्यातल्या आम्लानं सुटणारा वायू भांड्यातच निघून जातो. केक कापल्यावर आत उभे बोगदे दिसले तर समजावं की जास्त फेटलं गेलं. ढवळून झालं की मिश्रण लगेच टिनमध्ये आणि टिन लगेच ओव्हनमध्ये. ओव्हन आधीच १७५ अंश सेल्सिअसवर तापलेला हवा.

टिनच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हे मिश्रण ८ इंची दोन गोल टिनमध्ये किंवा ९ बाय १३ इंचाच्या आयताकृती टिनमध्ये घालावं, म्हणजे थर दीड इंचाच्या वर जात नाही. सगळं एकाच खोल टिनमध्ये ओतलं तर वरून करपतं आणि आत ओलं राहतं. मध्ये भोक असलेला बंट टिन अंड्याविना मिश्रणाला नकोच. सुटताना केक तुटतो. सगळ्यात खात्रीचे कपकेक: एका खोक्यात २४, प्रत्येक साचा दोन तृतीयांश भरलेला, १८ ते २० मिनिटं. गोल टिनला साधारण ३० मिनिटं, आयताकृतीला ३० ते ३५. पहिली २० मिनिटं दार उघडू नये. काच किंवा गडद रंगाचं भांडं असेल तर तापमान १६० ते १६५ ठेवावं, पंखा असलेल्या कन्व्हेक्शनवर २० अंश कमी.

काडी घालून पाहिली, कोरडी निघाली, म्हणजे झालं, हा नियम अंड्याविना केकला पुरता लागू होत नाही. काडी थोडी आधीच कोरडी निघते. वरून बोटानं हलकं दाबलं तर खड्डा परत वर यायला हवा आणि कडा टिनपासून सुटलेल्या दिसायला हव्यात. स्वयंपाकघरात टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९८ अंश आले की काढावा. मग टिनमध्येच १५ मिनिटं थांबायचं. अंड्याचा केक दहा मिनिटांत उलटला तरी चालतो, हा गरम असताना उलटला तर दुभंगतो.

दह्याशिवायचे पर्याय थोडक्यात. जवस चॉकलेट मिक्सला उत्तम: एका अंड्याला १ टेबलस्पून बारीक दळलेली कच्ची जवस आणि ३ टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं ठेवून बुळबुळीत झालं की वापरायचं. चटणीसाठी भाजून ठेवलेली घेऊ नये, तिचा वास केकभर पसरतो. यलो किंवा व्हाइट मिक्समध्ये तपकिरी ठिपके दिसतात, ते चालत असतील तर हरकत नाही. पिकलेलं केळं कुस्करून, एका अंड्याला पाव कप. पण मग तो केळ्याचा केक झाला हे मान्य करायचं, व्हॅनिलाचा वास त्यापुढे टिकत नाही. काबुली चणे उकडलेलं दाट पाणी एका अंड्याला ३ टेबलस्पून, आधी फेसाळेपर्यंत फेटून. दूधही न खाणाऱ्यांसाठी हा चांगला मार्ग, फक्त चणे मीठ न घालता उकडलेले हवेत.

व्हिनेगर आणि सोड्याचा पर्याय मिक्सला लावू नये. 'एका अंड्याला १ टीस्पून सोडा, १ टेबलस्पून व्हिनेगर' हे प्रमाण घरच्या मैद्यासाठी सांगितलेलं असतं. मिक्समध्ये फुगवणारं सगळं आधीच आहे. तीन अंड्यांच्या हिशोबानं ३ टीस्पून सोडा त्यात गेला तर केक भराभर वर येतो, पडतो, आणि साबणासारखी चव जिभेवर राहते.

कंडेन्स्ड मिल्कचंही तेच. आपल्याकडे एगलेस केक म्हटलं की डबाभर कंडेन्स्ड मिल्क हे समीकरण पक्कं बसलं आहे, आणि मैद्याच्या केकमध्ये ते खरंच छान चालतं, कारण तिथे साखर त्यातूनच येते. मिक्समध्ये साखर काठोकाठ भरलेली असते. त्यात अजून घातली की स्टार्च शिजायला आणखी वरचं तापमान लागतं, केक सावरायच्या आत पडतो आणि वरचा पापुद्रा चिकट होतो. दुधाळ चव हवी असेल तर दूध पावडर, नाहीतर पाण्याऐवजी दूध. कंडेन्स्ड मिल्क नाही.

आता उलटी बाजू. अमेरिकेतून कुणी खोकं आणलं आणि अंडी घालूनच केक करायचा आहे, पण भारतात. इथलं अंडं लहान असतं, टरफलाविना बरेचदा ४५ ग्रॅमच्या आसपास. तीन अंड्यांत १५ ग्रॅमची तूट येते. अंडी फोडून वजन करावं, १५० ग्रॅमला जेवढं कमी पडेल तेवढं दूध घालावं. चौथं अंडं सरसकट घालायची गरज नाही. कपाच्या मापाचंही बघावं: अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा, आपल्याकडचा चहाचा कप त्याच्या निम्म्याच्या थोडा वर.

भारतातली मिक्सची बहुतेक पाकिटं मात्र मुळातच एगलेस असतात. हिरवा ठिपका, आणि फक्त तेल आणि पाणी किंवा दूध. त्यात 'जरा अंडं घालू, हलका होईल' म्हणून दोन-तीन अंडी फोडली तर केक रबरासारखा होतो, कारण अंड्याची जागा भरायला जे घालायचं ते कंपनीनं आधीच घातलेलं आहे. घालायचंच असेल तर पाव किलोच्या पाकिटाला एक अंडं, आणि पाण्यातून सव्वादोन टेबलस्पून कमी.

अंडी खोक्यात का नसतात, याबद्दल एक किस्सा फार सांगितला जातो: गृहिणींना आपण काहीच केलं नाही असं वाटू नये म्हणून १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यानं ती काढली. पण पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या काकवी विकणाऱ्या कंपनीनं १९३० च्या दशकातच दोन पेटंट घेतली होती. पहिल्यात अंड्याची पूड मिक्समध्येच होती, दुसऱ्यात ती काढून ताजी अंडी घालायला सांगितलं होतं.

तेलाकडे वळू. तेलाऐवजी बटर ही सर्वात जास्त सुचवली जाणारी सुधारणा, आणि माझ्या मते सर्वात जास्त विचार न करता केली जाणारी. बटरमध्ये ८० ते ८२ टक्केच चरबी असते, उरलेलं मुख्यतः पाणी. अर्धा कप तेल वजनानं ११० ग्रॅम. तेवढी चरबी मिळवायला १३५ ग्रॅम बटर लागेल आणि त्याबरोबर वीसेक ग्रॅम पाणी येईल, म्हणजे पाण्यातून दीड टेबलस्पून वजा. टेबल बटर खारट असतं आणि मिक्समध्ये मीठ आधीच आहे, म्हणून अनसॉल्टेड घ्यावं. चव नक्की सुधारते. पण बटरचा केक फ्रिजमध्ये कडक होतो. वाढदिवसाचा केक क्रीम लावून फ्रिजमध्येच राहणार असेल तर तेलच चांगलं, कापताना मऊ राहतं. बटर कोरड्या, चहाबरोबरच्या केकसाठी. दोन्ही हवं असेल तर निम्मं-निम्मं.

साजूक तूप जवळजवळ शुद्ध चरबी, त्यामुळे तेलाच्या वजनाइतकंच घ्यायचं, ११० ग्रॅम, पातळ करून कोमट. दूध-दही फ्रिजमधून थेट आलं तर तुपाच्या कण्या होतात आणि केकमध्ये तेलकट डाग पडतात. वेलदोडा-केशर घालून यलो मिक्सचा केक करायचा असेल तर तूप शोभतं, चॉकलेटमध्ये वाया जातं. तेलांत सूर्यफूल, राइस ब्रान, कनोला यांपैकी काहीही चालेल. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, वास दबत नाही. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, तुपासारखंच सांभाळावं लागतं.

तेल काढून सफरचंदाचा गर किंवा दही घालायचं, कॅलरी कमी म्हणून? निम्म्या तेलापर्यंत ठीक. सगळं काढलं की मैद्यावर चरबीचं आवरण राहत नाही, केक चिवट होतो, कागदाला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी शिळा लागतो. अंडी आणि तेल दोन्ही एकदम बदलू नयेत. एकाच्या जागी एक भरलं तर मिक्स सांभाळून घेतं.

पाणी बदलणं सगळ्यात सोपं आणि चवीला सगळ्यात जास्त फरक पाडणारं. पाण्याऐवजी तितकंच दूध. केक रंगानं गडद होतो, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं तांबूस होतात, त्यामुळे पाच मिनिटं आधी बघायला सुरुवात करावी. चॉकलेट मिक्सला पाण्याऐवजी कॉफी: कपभर गरम पाण्यात २ टीस्पून इन्स्टंट कॉफी, कोमट होऊ देऊन. कॉफीची वेगळी चव येत नाही, चॉकलेट गडद लागतं. कडकडीत गरम पाणी ओतू नये, अंडं शिजतं आणि फुगायची क्रिया भांड्यातच सुरू होते. बटरमिल्क सांगितलं असेल तर आपलं पातळ ताक त्याच्या जागी चालत नाही. पाऊण कप दही आणि पाव कप पाणी घुसळून घ्यावं, सोबत पाव टीस्पून सोडा. सोडा न घातल्यास चॉकलेट केकचा रंग फिका पडतो. अंड्याच्या जागी आधीच दही घातलं असेल तर मात्र हा बदल नको, आम्ल फार होतं.

आंब्याचा रस हा परदेशातल्या मराठी घरांचा आवडता बदल, भारतीय दुकानात ८५० ग्रॅमचा डबा मिळतो म्हणून. पण तो रस गोड, दाट आणि आंबटसर, तिन्ही. पाण्याची पूर्ण जागा त्याला दिली की केक खालून शिऱ्यासारखा राहतो. अर्धा कप रस, अर्धा कप पाणी, आणि चिमूटभर सोडा, एवढ्यावर थांबावं. आणखी आंबा हवा असेल तर तो क्रीममध्ये किंवा थरांमध्ये घालावा. संत्र्याच्या रसालाही हेच प्रमाण.

अमेरिकेत प्रसिद्ध असलेली युक्ती म्हणजे मिक्स आणि ३५५ मिलिलिटरचा सोड्याचा, म्हणजे कोकसारख्या शीतपेयाचा कॅन, बाकी काही नाही. हे खरंच फुगतं. सोड्यातला वायू ढवळतानाच बराचसा निघून जातो, केक उभा राहतो तो मिक्समधल्या इमल्सिफायरवर आणि स्टार्चवर. त्यात चरबी नाही, म्हणून पोत भुसभुशीत, वरचा थर चिकट, आणि त्याच दिवशी संपवायला हवा. साखर नसलेला सोडा घेतला तर चिकटपणा कमी. लाल भोपळ्याची युक्ती मला त्याहून बरी वाटते: ४२५ ग्रॅम घट्ट गर आणि स्पाइस किंवा चॉकलेट मिक्स. घरी उकडलेला भोपळा पाणचट असतो, फडक्यात तासभर टांगून मग वापरावा.

जुन्या पाककृती वापरताना खोक्याचं वजन तपासावं. पूर्वी १८.२५ औंसाचं, म्हणजे ५१७ ग्रॅमचं खोकं सर्रास मिळायचं, नंतर ४३२ आलं, आता काही ब्रँडचं ३७५ ग्रॅमच आहे. आंबट साय, पुडिंगचं पाकीट वगैरे 'सुधारित' कृती मोठ्या खोक्यासाठी लिहिलेल्या आहेत, त्या लहान खोक्यावर जशाच्या तशा केल्या की मिश्रण पातळ पडतं. ४३२ ग्रॅमच्या खोक्यात ४० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर आणि अर्धा टीस्पून बेकिंग पावडर घालून तूट भरून काढता येते. तिथल्या इन्स्टंट पुडिंगच्या जागी आपली कस्टर्ड पावडर पाकीटभर घालू नये. पुडिंगमधला स्टार्च आधीच शिजवलेला असतो, थंडातच दाट होतो, कस्टर्ड पावडरमधला कच्चा असतो आणि भरपूर पाणी शोषून केक कोरडा करतो. २ टेबलस्पून पुरे.

समुद्रसपाटीपासून उंचावरच्या गावांसाठीच्या सूचना खोक्यावर ३,५०० फुटांपासून पुढच्या असतात. पुण्याला त्यांची गरज नाही, महाबळेश्वर-पाचगणीला आहे, डेन्व्हरला तर नक्कीच. तिथे मिक्समध्ये १ ते २ टेबलस्पून मैदा आणि २ टेबलस्पून पाणी वाढवावं. अंडं न घालता तिथे उंच केक करायचा हट्ट धरू नये, कपकेक करावेत.

पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट ढेकळं धरतं. चाळून घेतलं तरी त्यातला सोडा आणि फॉस्फेट ओलाव्यानं आपापसात भिडून थंड झालेले असतात. अशा पाकिटाला १ टीस्पून ताजी बेकिंग पावडर घालावी. आंबट काही किंवा जास्तीचा मैदा घातलेला नसताना वरून फुगवणारं घालायला हरकत नाही ते एवढ्याच बाबतीत. वास जुनाट आला तर मात्र पाकीट टाकून द्यावं, मिक्समधली चरबी खवट झालेली असते आणि ती व्हॅनिलानं झाकली जात नाही.